उकडीचा खाऊ

भाद्रपद शुद्ध चतुर्थीची सकाळ उजाडली म्हणजे पुष्कळशा मराठी घरांच्या स्वयंपाकघरात उत्साहाबरोबर थोडी धास्तीही वावरू लागते. दूर्वा निवडून झालेल्या असतात, मखर सजलेले असते, पूजेचे तबक तयार असते. परंतु घरातील कर्त्या बाईचे लक्ष त्यांपैकी कशाकडेच नसते. ते आधणाच्या पातेल्याकडे असते. उकड नीट साधेल ना, पारी फाटणार नाही ना, कळ्या सारख्या पडतील ना आणि वाफ लागताच मोदक फुटून सारण खाली गळणार नाही ना, या चार प्रश्नांनी तिला घेरलेले असते. एरवी पन्नास पानांचा स्वयंपाक सहज पार पाडणारी गृहिणीही मोदकाचे नाव निघताच क्षणभर थबकते. या धास्तीचा परिणाम असा झाला आहे की, कित्येक घरांत मोदक वर्षातून एकदाच होतो, कित्येक घरांत तो आता विकत येतो, आणि ज्या घरांतील मोदक वळणारे हात काळाने नेले, त्या घरांतून तो पदार्थही त्या हातांबरोबर निघून जातो.

वस्तुतः या पदार्थाला लागते काय? तांदळाची पिठी, नारळ, गूळ, पाणी आणि वाफ. त्यात पाकाची तार पाहावी लागत नाही, कढईभर तूप तापवावे लागत नाही, दूध आटवीत चुलीपाशी तिष्ठावे लागत नाही. नारळ खोवलेला आणि पिठी चाळलेली असेल, तर तासाभरात चार माणसांपुरता खाऊ तयार होतो. मग हा पदार्थ अवघड कोणी केला? थोडा विचार करता असे दिसते की, अवघडपणा पदार्थात नाही. तो त्याच्या कळ्यांत आहे. वर्षातून एकदाच, तोही देवापुढे आणि पाहुण्यांपुढे मांडावयाचा, म्हणून तो निर्दोषच झाला पाहिजे, या समजुतीत तो अवघडपणा आहे. भारतातील इतर प्रांतांच्या स्वयंपाकघरांकडे नजर टाकली म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. कारण हाच पदार्थ तेथे निरनिराळ्या नावांनी, आणि बहुधा कळ्यांवाचूनच, घरोघर होत आलेला आहे.

कोकणातून खाली उतरावयास लागले की गोव्यात आणि कारवार-मंगळूरच्या किनाऱ्यावर पातोळी भेटते. हळदीच्या रुंद पानावर तांदळाचे वाटण बोटांनी सारवायचे, मध्ये गूळखोबऱ्याचे सारण पसरायचे, पान उभे दुमडायचे आणि वाफवायचे, एवढीच तिची कृती. कर्नाटकात गणेशचतुर्थीला कडुबू होतो. केरळात केळीच्या पानात थापून वाफवलेल्या खाऊला ‘इला अडा’ म्हणतात. तेथील भाषेत ‘इला’ म्हणजे पान. तेथेच आणि तामिळनाडूत तांदळाच्या उकडीचे गोळे सारण भरून वाफवितात, त्यांचे नाव कोळुकट्टै. आंध्र आणि तेलंगणातील घरांतून विनायकचतुर्थीला कुडुमुलु आणि उंड्राळ्ळु यांचा नैवेद्य दाखवितात. नावे वेगळी असली तरी ती एकमेकांना अनोळखी नाहीत. तामिळ गृहिणी आतल्या सारणाला ‘पूरणम्’ म्हणते, आणि पुरण हा शब्द तर मराठी घरात रोजचाच आहे. कानडी कडुबू हा दक्षिण महाराष्ट्रातील कडबूचा सख्खा भाऊ, हे सांगावयास भाषापंडिताची गरज नाही.

पूर्वेकडे वळले तर तोच मेळा दुसऱ्या ऋतूत भरलेला दिसतो. भाताची नवी सुगी घरात आली की बंगालमध्ये पौष संक्रांतीला पिठे करण्याची धांदल उडते. खजुरीच्या झाडाच्या रसापासून केलेला नवा गूळ, ज्याला तेथे नोलेन गूळ म्हणतात, तो थंडीच्या दिवसांतच मिळतो. त्या गुळात शिजवलेले खोबरे तांदळाच्या पारीत भरून पुली पिठे होतात. आसामात माघ बिहूच्या वेळी तीळ आणि गूळ भरलेला तिळपिठा तव्यावर कोरडाच भाजतात. मिथिलेत पिठीच्या पारीत गूळ भरून बगिया वाफवितात. ओडिशात तर पिठ्यांचे प्रकार मोजताना बोटे पुरत नाहीत. त्यांतील मंडा पिठा हा तांदळाच्या उकडीचा, गूळखोबरे भरलेला, वाफवलेला गोल लाडूच म्हणावा. महाराष्ट्रातील माणसाच्या हातावर तो ठेवला, तर कळ्या विसरलेला मोदक असेच तो त्याचे वर्णन करील.

हा खाऊ एका धर्माचा किंवा एका जातीचाही नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला, मेरीमातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, हळदीच्या पानावरच्या पातोळ्या होतात. केरळातील ख्रिस्ती कुटुंबांत झावळ्यांच्या रविवाराच्या आदल्या दिवशी कोळुकट्ट करण्याचा प्रघात आहे. कोकणातील मुसलमान घरांत तांदळाची सांदणे वाफवितात. घाटावर, जेथे तांदळापेक्षा गहू आणि हरभरा अधिक जवळचे, तेथे नागपंचमीला कणकेच्या पारीत पुरण भरून दिंडे उकडतात. त्या दिवशी चिरू नये, तळू नये, तवा ठेवू नये असा अनेक घरांचा नेम असल्यामुळे वाफेवाचून दुसरा मार्गच उरत नाही. धान्य बदलले, सण बदलला, देव बदलला. पातेल्यातली वाफ मात्र तीच राहिली.

तांदळाला वाफेचे एवढे अगत्य का, याचे उत्तर त्या धान्याच्या घडणीत आहे. गव्हाची कणीक पाणी घालून मळली की तिच्यात ग्लूटेनचे चिवट जाळे तयार होते. ते ताणले तरी तुटत नाही. म्हणून करंजीची पारी हवी तशी लाटता येते आणि तळणातही ती टिकते. तांदळात असे जाळे तयार होत नाही. थंड पाण्यात भिजवलेली पिठी वळावयास गेले तर तिचा भुगा होतो. परंतु तीच पिठी उकळत्या पाण्यात पडली की तिच्यातील पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यांची बांधणी सैल होते आणि ते एकमेकांना धरून राहतात. उकड म्हणतात ती हीच. ज्वारीच्या भाकरीचे पीठ जुने झाले की गृहिणी ते ऊन पाण्यात भिजविते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. उकडीचे शास्त्र तिच्या घरात रोज चाललेले असते. ते मोदकाच्या दिवशी नव्याने शिकावयाचे नसते.

सर्व तांदूळ मात्र सारखे नसतात. आसामातील बोरा तांदळासारखे काही तांदूळ शिजल्यावर अत्यंत चिकट होतात, तर काही मोकळे राहतात. जो तांदूळ शिजून मोकळा राहतो, त्याची उकड थंड होताच ताठरते आणि पारीला चिरा जातात. यासाठी मोदकाची पिठी आंबेमोहोरासारख्या सुवासिक, थोड्या चिकट आणि शक्य तर नव्या तांदळाची घ्यावी. तांदूळ धुऊन, सावलीत फडक्यावर पसरून, पुरता वाळवून दळला आणि वस्त्रगाळ केला म्हणजे पिठी रेशमासारखी होते.

आता प्रत्यक्ष कृती. एक वाटी पाणी पातेल्यात उकळावयास ठेवावे. त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेल किंवा तूप घालावे. पाणी खळखळले की आच मंद करून तितकीच, म्हणजे एक वाटी, पिठी एकदम त्यात लोटावी आणि उलथन्याच्या दांड्याने भराभर ढवळावे. कोरडी पिठी दिसेनाशी झाली की झाकण ठेवून दोनतीन मिनिटे दणदणीत वाफ आणावी. मग पातेले खाली उतरवून आणखी पाच मिनिटे झाकलेलेच ठेवावे. उकड हाताला सोसेल इतकी ऊन असतानाच परातीत घेऊन, पाण्याचा आणि तेलाचा हात लावीत, लोण्यासारखी मऊ होईपर्यंत मळावी. बहुतेक फजिती होते ती याच ठिकाणी. हात पोळतो म्हणून उकड निवू दिली जाते, आणि निवलेली उकड मळली जात नाही. ती निवलीच, तर टाकून देण्याचे कारण नाही; गरम पाण्याचा हबका मारून पुन्हा मळावी, ती पूर्ववत मऊ होते.

सारणासाठी दोन वाट्या खोवलेला ओला नारळ आणि एक वाटी चिरलेला गूळ एकत्र करून मंद आचेवर ठेवावा. गूळ विरघळतो, मिश्रण पातळ होते, आणि मग हळूहळू एकजीव होऊन कडा सोडू लागते. त्याच क्षणी ते उतरवावे. अधिक आटवले तर निवल्यावर त्याची चिक्की होते. ओलसर राहिले तर पारी भिजून फुटते. शेवटी वेलदोड्याची पूड आणि थोडे जायफळ. ज्या प्रांतात जे पिकते ते त्यात पडते: गोव्यात माडाचा गूळ, बंगालात खजुरीचा, आसामात खोबऱ्याच्या जागी तीळ. गूळ म्हटला म्हणजे तो पथ्याचाच, अशी एक समजूत अलीकडे बळावली आहे. गूळ ही मुख्यत्वे साखरच आहे, आणि मधुमेह असलेल्याने तिच्याबाबतीत जो संयम पाळावयाचा तोच गुळाच्या बाबतीतही पाळावा, हे येथे सांगितलेले बरे.

सारण भरण्याच्या बाबतीत मात्र गृहिणीने स्वतःला थोडे मोकळे सोडावे. कळ्यांचा मोदक साधत असेल तर उत्तमच. साधत नसेल, तर लिंबाएवढा उकडीचा गोळा हातावर वाटीसारखा करावा, त्यात सारण घालावे, तोंड मिटवावे आणि तळहातावर फिरवून गोल करावा. मंडा किंवा कोळुकट्टै तयार झाला. याहून सोपे हवे असेल तर पातोळी करावी. तिला उकडही लागत नाही. पिठी पाण्यात सरसरीत न होऊ देता, बोटांनी पसरता येईल इतपत घट्ट कालवावी, चवीपुरते मीठ घालावे आणि पानावर सारवावी. दहाबारा मिनिटांच्या वाफेनंतर जरा निवू देऊन पान सोडवले, की पानाच्या शिरांची नक्षी पातोळीवर उमटलेली असते. जी नक्षी हाताला जमत नाही, ती पान आपण होऊन काढून देते. सात-आठ वर्षांच्या मुलालाही हे काम सोपवता येते.

वाफेसाठी मोदकपात्रच हवे असेही नाही. रुंद पातेल्यात पाणी, त्यावर चाळणी, चाळणीत केळीचे किंवा हळदीचे पान, नाही तर ओले फडके, आणि वर घट्ट झाकण, एवढी सिद्धता पुरते. प्रेशर कुकर वापरला तर त्याची शिट्टी काढून ठेवावी. आसामात टेकेली पिठा करताना पाणी उकळणाऱ्या भांड्याच्या किंवा किटलीच्या तोंडावरच, फडक्यात बांधलेली पिठी ठेवून ती वाफवितात. घरात जे आहे त्यातून वाफ अडवून धरणे ही या खाऊची सर्वांत जुनी युक्ती आहे, आणि तिच्यासाठी बाजारात जावे लागत नाही.

उरलेल्या उकडीचे काय करावे, या प्रश्नाचे उत्तर तर दोन प्रांतांनी एकमेकांना न विचारता जवळजवळ सारखेच दिले आहे. महाराष्ट्रातील गृहिणी तिच्यात हिरवी मिरची, जिरे, कोथिंबीर आणि मीठ मळून चपट्या निवगऱ्या थापते व त्या वाफवून तेलाबरोबर किंवा दह्याबरोबर वाढते. तामिळ गृहिणी त्याच उरलेल्या उकडीच्या मोत्यांएवढ्या गोळ्या वळते, वाफविते आणि त्यांना मोहरी, मिरची व कढीलिंबाची फोडणी देते. तिला ती अम्मिणी कोळुकट्टै म्हणते. गोडाच्या मागोमाग तिखट यावे आणि परातीत काही वाया जाऊ नये, ही दोन्ही घरांची इच्छा एकच.

हळदीच्या पानाची गोष्टही अशीच आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली हळद श्रावणात भरघोस पानांवर येते, तेव्हा कोकणात नागपंचमीच्या पातोळ्या होतात. ही पाने थंडी सुरू होईपर्यंत हिरवी राहतात. ओडिशातील प्रथमाष्टमीचा सण त्या सुमारास येतो. तेथील पंचांगाप्रमाणे ती मार्गशीर्ष कृष्ण अष्टमी, म्हणजे महाराष्ट्रातील पंचांगाप्रमाणे कार्तिक वद्य अष्टमी. त्या दिवशी घरातील पहिल्या अपत्याला ओवाळतात, त्याला मामाकडून नवे कपडे येतात, आणि तांदूळ व उडीद यांचे आंबवलेले पीठ हळदीच्या पानात घालून, मध्ये खोबऱ्यागुळाचे सारण भरून, एंडुरी पिठा वाफवितात. एकाच पानाच्या आयुष्याच्या आरंभी पश्चिम किनारा जेवतो आणि अखेरीला पूर्व किनारा. दोन्हीकडे स्वयंपाकघरात दरवळणारा वास मात्र एकच असतो.

या वासाने काय साधते, हे एखाद्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे अधिक नीट समजेल. नोकरीच्या निमित्ताने भुवनेश्वरला गेलेले एक मराठी कुटुंब असावे: नवरा, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि मुलाचे आजोबा. दर वर्षी चतुर्थीचे मोदक आजी करीत असत. फाल्गुनात आजी गेल्या. घरात गणपती बसवायचा की नाही, यावर बराच खल झाला. आणि आजोबांनीच, ‘तिला आवडले असते’, एवढे म्हणून तो संपविला. सुनेने सासूबाईंची वही शोधून काढली. मोदकाच्या पानावर त्यांच्या बारीक अक्षरात तीनच ओळी होत्या: पाणी अंदाजाने, मीठ चवीपुरते, आणि उकड झाली की हाताला कळते. ज्या हाताला ते कळत होते तो हात आता नव्हता. दुकानातून आणलेली पिठी जुन्या, मोकळ्या तांदळाची होती. मधेच दाराची घंटा वाजली, पाहुणे आले, उकड निवली. पहिल्या घाण्यातील पाच मोदक वाफेतच उकलले. सुनेने झाकण पुन्हा ठेवले, पदराने डोळे टिपले आणि बाहेर कोणाला काही सांगितले नाही.

शेजारच्या ओडिया बाई, ज्यांना मुलगा माऊसी म्हणत असे, आपल्या परसातील हळदीची पाने घेऊन आल्या, त्या याच वेळी. त्यांनी परातीतील गोळा चाचपला. त्यांना मोदक ठाऊक नव्हता. परंतु गोळ्याला काय झाले आहे ते ठाऊक होते. त्यांनी एका वाटीत गरम पाणी मागितले, हात बुडविला आणि उकड मळू लागल्या. थोड्या वेळाने ती नरम झाली. सारणाकडे पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, हा तर मंडा! आणि त्यांनी एकामागून एक गोल, गुळगुळीत गोळे वळून पानांवर मांडावयास सुरुवात केली. मुलगा दारात उभा राहून हे पाहत होता. त्याने आजोबांना विचारले, “गणपतीला गोल चालतात का?” आजोबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नैवेद्याचे एकवीस तेवढे तुझी आजी कळ्यांचे करायची. तुझ्या ताटात पडायचे ते असेच गोल. तू खाण्याच्या घाईत कधी पाहिले नाहीस.”

आणि उभ्या आयुष्यात ज्यांनी स्वयंपाकघरात पाणी पिण्यापलीकडे काही केले नव्हते, ते आजोबा पाट घेऊन नारळ खोवावयास बसले. खोबऱ्याबरोबर करवंटीचा थोडा काळा कीस पडला. तो सुनेने मुकाट्याने निवडून काढला.

या चित्रात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आजींनी वहीत लिहिले ते खोटे नव्हते. ते अपुरे होते. पाकशास्त्रावरील ग्रंथांची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या भोजनाचे प्रकरण आहे. मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये प्रसिद्ध झाले, तामिळमध्ये मीनाक्षी अम्माळ यांचे ‘समैत्तुप् पार’ १९५१ मध्ये आले, आणि कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याची मापे मराठी घरांत रुजविली. घरापासून दूर संसार मांडणाऱ्या मुलींवर या पुस्तकांचे मोठे उपकार आहेत. परंतु उकड केव्हा मऊ झाली आणि सारण केव्हा उतरवावे, ही दोन ज्ञाने पुस्तकात अर्धीच उतरतात. उरलेले अर्धे परातीशेजारी बसून घ्यावे लागते. आणि परात वर्षातून एकदाच, तीही घाईच्या आणि सोवळ्याच्या दिवशी बाहेर निघत असेल, तर तिच्याशेजारी बसावयाचे कोणी आणि कधी?

दुसरीही एक गोष्ट आहे. सणाच्या दिवशी पहाटेपासून राबणारी बाई सर्वांच्या मागून जेवावयास बसते, तेव्हा मोदक निवलेले असतात आणि पंगतीत त्यांची स्तुती करून माणसे वामकुक्षीला गेलेली असतात. जो खाऊ अशा एकटेपणात होतो, त्याची हौस पुढच्या पिढीने धरावी कशी? मुलीने आईचे श्रम पाहिलेले असतात आणि मुलाने फक्त ताट पाहिलेले असते. मग मुलगी म्हणते, विकत आणू. आणि मुलाला त्यात काही गमावले असे वाटतच नाही. विकत आणण्यात कमीपणा नाही. कितीतरी कष्टाळू स्त्रियांचे संसार त्या मोदकांवर चालतात. परंतु घरातील विद्या घरात राहावी असे वाटत असेल, तर तिचे ओझे एकीच्याच खांद्यावर ठेवून भागणार नाही. या खाऊत कामे अनेक आहेत आणि त्यांतील बहुतेक बैठी आहेत. नारळ खोवणे, गूळ चिरणे, पाने पुसणे, पीठ सारवणे, गोळे वळणे: घरातील म्हाताऱ्यापासून मुलापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी येते. पूर्वी हे काम मोठ्या कुटुंबातील चारपाच बायका वाटून घेत. आता कुटुंब लहान झाले आहे, म्हणून ते स्त्रीपुरुषांनी वाटून घ्यावे, एवढाच काय तो फरक.

यासाठी चतुर्थीची वाट पाहण्याचेही कारण नाही. आषाढातील पावसाळी रविवार असावा, मुले घरात कोंडून कंटाळलेली असावीत, डब्यात दोन वाट्या पिठी आणि घरात एक नारळ असावा, एवढे निमित्त पुष्कळ झाले. त्या दिवशी पारी फाटली तर फाटू द्यावी. फुटलेल्या मोदकावर तूप घातले म्हणजे तो न फुटलेल्याइतकाच गोड लागतो, हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही. असे दोनचार रविवार गेले, की हातातील भीती जाते. आणि हातातील भीती गेली, की कळ्याही हळूहळू पडू लागतात.

भुवनेश्वरच्या त्या घरात पुढच्या कार्तिक वद्य अष्टमीला शेजारून एंडुरी पिठ्याचे ताट आले. घरातील पहिले अपत्य म्हणून मुलाला तेथे ओवाळून घ्यावयास बोलावणे होते. परत येताना त्याने एक प्रश्न आणला: आपल्याकडचा मंडा पुन्हा कधी करायचा? आईने कपाटातून पिठीचा डबा काढला. या वेळी तो आंबेमोहोराचा होता. आजोबांनी खवणी मागितली. मुलाने वळलेला पहिला गोळा एका बाजूला चेपलेला होता आणि त्याच्या तोंडातून थोडे सारण डोकावत होते. आईने तो तसाच, सर्वांच्या मधोमध, पानावर ठेवला आणि झाकण लावले.